सॅच्युरेशन ९७ असताना बाबांचा मास्क का काढला? (हृदयविकार आणि प्राणवायू)

पारिजातक (मूळ धागा)

नमस्कार. दीड महिन्यापूर्वी माझ्या वडिलांना पहाटे हृदयविकाराचा झटका आला. त्यांचे वय ६८ आहे. आमचे गाव सातारा जिल्ह्यात. तालुक्याच्या दवाखान्यात ईसीजी काढला, गोळ्या चघळायला दिल्या, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावला आणि रुग्णवाहिकेने शहरात पाठवले. तिथे लगेच अँजिओप्लास्टी झाली. नंतर अतिदक्षता विभागात परिचारिकेने मॉनिटरकडे पाहिले, सॅच्युरेशन ९७ होते, आणि तिने मास्क काढून भिंतीवरच्या हुकाला अडकवून ठेवला. काचेपलीकडे उभे असलेले माझे काका संतापले. "माणूस मरणाच्या दारातून परत आलाय आणि तुम्ही त्याचा ऑक्सिजन काढता?" असे म्हणून त्यांनी बराच वाद घातला. डॉक्टरांनी येऊन "गरज नाही, उगीच दिला तर फायदा नाही" एवढे सांगितले, पण त्या गडबडीत कोणाचेच समाधान झाले नाही.

आता बाबा घरी आहेत आणि त्यांची तब्येत सुधारते आहे. काकांकडे २०२१ च्या करोना लाटेत घेतलेले पाच लिटरचे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर होते, ते त्यांनी आमच्याकडे आणून ठेवले आहे. रोज संध्याकाळी बाबा देवघरासमोरच्या आरामखुर्चीत नाकाला नळी लावून दोन तास बसतात. ऑक्सिमीटरवर आकडा ९८ असतो, नळी लावली की ९९ किंवा १०० होतो, आणि तो पाहून सगळ्यांना बरे वाटते. शिवाय एका नातेवाइकांनी "हृदयावर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस येतो, त्यावर ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल घ्या" असे सुचवले आहे.

माझा प्रश्न असा की ऑक्सिजनने हृदयाला बळ मिळते की ताण येतो? दोन्ही एकाच वेळी खरे कसे असेल? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

कोयनाकाठ

पारिजातक, वडिलांना वेळेत अँजिओप्लास्टी मिळाली हे फार मोठे काम झाले. मी तीस वर्षांहून अधिक काळ अतिदक्षता विभागात डॉक्टर म्हणून काम करून निवृत्त झालो आहे. तुमच्या काकांच्या जागी मी असतो तर मलाही तसेच वाटले असते, कारण आम्हालाही तसेच शिकवले होते. मॉर्फिन, ऑक्सिजन, नायट्रोग्लिसरीन आणि ॲस्पिरिन या चार औषधांच्या आद्याक्षरांवरून 'मोना' हा शब्द आम्ही पाठ केला होता आणि छातीत दुखणारा प्रत्येक रुग्ण आला की सॅच्युरेशन न पाहताच मास्क लावत होतो. हृदयाच्या स्नायूला प्राणवायू कमी पडला आहे, तेव्हा बाहेरून भरपूर द्यावा, हा विचार इतका सरळ वाटत होता की तो तपासून पाहावा असे बहुतेकांना सुचलेही नाही.

त्यातली चूक आधी सांगतो. झटक्यात तुटवडा रक्तातल्या प्राणवायूचा नसतो, रक्तच पुढे जात नसते. गुठळीने रोहिणी बंद झाली की पलीकडच्या स्नायूपर्यंत रक्त पोहोचत नाही, मग त्या रक्तात प्राणवायू कितीही भरलेला असो. पाटाला बांध पडला असेल तर धरणात पाणी वाढवून शेवटच्या वावराला ते मिळत नाही, बांधच फोडावा लागतो. तुमच्या वडिलांचा तो बांध अँजिओप्लास्टीने फोडला.

आणि भरायला जागा तरी किती असते? निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण २० मिलिलिटर प्राणवायू असतो. तो जवळजवळ सगळा हिमोग्लोबिनला चिकटलेला असतो, विरघळलेला भाग जेमतेम ०.३ मिलिलिटर. सॅच्युरेशन ९७ म्हणजे हिमोग्लोबिनच्या शंभरातल्या ९७ जागा भरलेल्या आहेत. शुद्ध प्राणवायू दिला तर उरलेल्या तीन जागा भरतील आणि विरघळलेला भाग फार तर दोन मिलिलिटरपर्यंत जाईल. पण त्यासाठी रक्तातला प्राणवायूचा दाब (पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये) १०० वरून ५०० ते ६०० पर्यंत चढतो, आणि शरीर या वाढीकडे दुर्लक्ष करत नाही. हृदयाच्या रोहिण्या आकसतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील संशोधकांनी २००५ मध्ये हृदयरोगाच्या स्थिर रुग्णांना १५ मिनिटे शुद्ध प्राणवायू देऊन हृद्‌रोहिणीतला प्रवाह प्रत्यक्ष मोजला, तेव्हा तो सुमारे ३० टक्क्यांनी घटलेला दिसला. म्हणजे रक्तातला प्राणवायू थोडासा वाढला, पण रक्तच कमी पोहोचले. हिशेब तोट्याचाच झाला.

शंका जुनी आहे. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये रॉल्स आणि केनम्युर या डॉक्टरांनी झटक्याच्या रुग्णांपैकी काहींना मास्कमधून ऑक्सिजन आणि काहींना मास्कमधूनच साधी हवा दिली. झटका निश्चित झालेल्या १५७ रुग्णांपैकी ऑक्सिजनच्या ८० जणांत ९ मृत्यू झाले आणि हवेच्या ७७ जणांत ३. एवढ्या लहान संख्येवरून मृत्यूंबद्दल ठाम निष्कर्ष काढता येत नाही आणि त्यांनी तो काढलाही नाही, पण ऑक्सिजनचा फायदा कुठेच दिसला नव्हता. हा निबंध छापून आल्यावरही आम्ही पुढची कित्येक वर्षे तसेच मास्क लावत राहिलो, याचे मला आजही वाईट वाटते.

सह्यमित्र

डॉक्टर, आपण इतका मोठा धक्का देऊ नये अशी विनंती आहे. हे वाचून उद्या कोणी गंभीर रुग्णाचा मास्क काढायला लावील. माझ्या आईचे हृदय अशक्त झाले होते, फुप्फुसात पाणी भरले होते, सॅच्युरेशन ८२ पर्यंत उतरले होते, आणि त्या रात्री तिला ऑक्सिजनच मिळाला नसता तर ती सकाळ पाहू शकली नसती.

कोयनाकाठ

सह्यमित्र, आपले म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे आणि ते मी आधीच लिहायला हवे होते. ८२ सॅच्युरेशन म्हणजे रक्तातच खरा तुटवडा, आणि तिथे ऑक्सिजन जीव वाचवतो. युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांतही हेच आहे: सॅच्युरेशन ९० च्या खाली असेल तर झटक्याच्या रुग्णाला ऑक्सिजन द्यावा, ९० किंवा अधिक असेल तर सरसकट देऊ नये. ऑक्सिजन हे औषध आहे, आणि प्रत्येक औषधाला मात्रा असते, एवढेच मला म्हणायचे आहे. रुग्णालयात लावलेला किंवा डॉक्टरांनी घरी लिहून दिलेला ऑक्सिजन कोणीही हा धागा वाचून स्वतःहून बंद करू नये.

रसायनी

मी महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते. "दोन्ही एकाच वेळी खरे कसे" हा पारिजातक यांचा प्रश्न माझ्या विषयाच्या गाभ्यातला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

पेशीच्या आत तंतुकणिका असतात, इंग्रजी माध्यमाच्या मुलांना त्या मायटोकॉन्ड्रिया म्हणून माहीत आहेत. अन्नातून मिळालेले इलेक्ट्रॉन तिथे एका साखळीतून हातोहात पुढे जातात आणि शेवटी प्राणवायूच्या रेणूला मिळतात. त्या रेणूला पूर्ण चार इलेक्ट्रॉन मिळाले की त्याचे निरुपद्रवी पाणी होते. पण साखळीतून अधूनमधून एखादा इलेक्ट्रॉन मध्येच निसटतो आणि प्राणवायूला एकटाच चिकटतो. त्यातून जे तयार होते त्याला सुपरऑक्साइड म्हणतात. हा अर्धवट राहिलेला रेणू जवळ दिसेल त्याच्याशी अभिक्रिया करायला निघतो. अशा मुक्त मूलकांना (फ्री रॅडिकल्स) आवरण्यासाठी पेशीकडे स्वतःची विकरे (एन्झाइम) असतात. त्यांतले सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये ओळखले. मूलकांची निर्मिती आवरण्याच्या क्षमतेपेक्षा जास्त झाली, की त्या स्थितीला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. प्राणवायूचे विष आणि क्षकिरणांचे विष यांच्या मुळाशी हीच मूलके आहेत हे रेबेका गेर्शमन या अर्जेंटिनाच्या शास्त्रज्ञ विदुषीने १९५४ मध्ये मांडले होते, आणि तिचे नाव आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडते म्हणून मुद्दाम देते.

आता रोहिणी का आकसते ते पाहा. रोहिणीचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडते आणि त्यामुळे रोहिणी सैलावते. या शोधालाच १९९८ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. प्राणवायू अतिरिक्त झाला की सुपरऑक्साइड वाढते, ते नायट्रिक ऑक्साइडला गाठून त्याचे पेरॉक्सिनायट्राइट करून टाकते, आणि सैलावण्याची आज्ञाच नाहीशी होते. कोयनाकाठ यांनी सांगितलेल्या त्याच संशोधकांनी २००७ मध्ये रुग्णांना शिरेतून क जीवनसत्त्व दिले, तेव्हा शुद्ध प्राणवायूमुळे घटलेला प्रवाह पूर्ववत झाला. यात मूलकांचा हात आहे याचा माणसांवरचा इतका थेट पुरावा मला फार मोलाचा वाटतो.

झटक्यातला सर्वांत नाजूक क्षण मात्र रोहिणी बंद असतानाचा नसून ती उघडण्याचा असतो. रक्त थांबलेले असताना स्नायूच्या तंतुकणिकांत सक्सिनेट नावाचे द्रव्य साचत जाते. रक्त परत आले, प्राणवायू आला, की ते साचलेले सक्सिनेट एकदम वापरले जाते, इलेक्ट्रॉन साखळीत उलट दिशेने ढकलले जातात आणि काही मिनिटांत मूलकांचा लोंढा सुटतो. ही यंत्रणा २०१४ मध्ये स्पष्ट झाली. म्हणजे ज्या रक्ताने स्नायू वाचतो, त्याच रक्ताच्या पहिल्या काही मिनिटांत त्याचा थोडा भाग दगावतो. तरीही रोहिणी उघडण्याला पर्याय नाही.

शोधयात्री

यंत्रणा पटली, पण यंत्रणेवरून उपचार ठरवू नयेत असे माझे मत आहे. मोठ्या चाचण्यांत काय दिसले?

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या रुग्णवाहिकांपासून सुरू झालेली 'अव्हॉइड' ही चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. मोठा झटका निश्चित झालेल्या ४४१ रुग्णांपैकी एका गटाला मिनिटाला ८ लिटर ऑक्सिजन दिला, दुसऱ्या गटाला गरज पडली तरच. ऑक्सिजनच्या गटात स्नायूच्या इजेचे एक रक्तमापन वाढलेले आढळले, आणि रुग्णालयातच पुन्हा झटका येण्याचे प्रमाण ५.५ टक्के होते, दुसऱ्या गटात ०.९ टक्के. ज्या १३९ जणांचा सहा महिन्यांनी एमआरआय झाला, त्यांच्यात हृदयाच्या स्नायूवर राहिलेल्या व्रणाचे सरासरी वजन ऑक्सिजनच्या गटात २०.३ ग्रॅम आणि दुसऱ्या गटात १३.१ ग्रॅम भरले. (मेलबर्नशी या विषयाचे नाते जुने आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना भरमसाट ऑक्सिजन दिल्याने त्यांची दृष्टी जाते, हा संशय तिथल्याच डॉ. केट कॅम्पबेल यांनी १९५१ मध्ये मांडला होता.)

पण ही चाचणी लहान होती. २०१७ मध्ये स्वीडनमधली ६,६२९ रुग्णांची चाचणी आली. मिनिटाला ६ लिटर ऑक्सिजन, सहा ते बारा तास. वर्षभरातले मृत्यू ऑक्सिजनच्या गटात ५.० टक्के आणि साध्या हवेच्या गटात ५.१ टक्के. फायदा नाही, पण ठळक तोटाही नाही. २०२१ मध्ये न्यूझीलंडमधून ४०,८७२ रुग्णांचा अभ्यास आला, त्यात काही काळ जास्त आणि काही काळ कमी ऑक्सिजनची पद्धत आळीपाळीने वापरली, तरीही तीस दिवसांचे मृत्यू ३.० आणि ३.१ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच होते. आणि हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्या मताविरुद्ध जाणारा आकडा लपवू नये: त्या अभ्यासात मोठ्या झटक्याच्या रुग्णांत जास्त ऑक्सिजनच्या काळात मृत्यू ८.८ टक्के होते आणि कमी ऑक्सिजनच्या काळात १०.६ टक्के. हा फरक खरा की निव्वळ योगायोग, हे संख्याशास्त्राने ठरवण्याच्या अगदी उंबरठ्यावर आहे. त्यामुळे "ऑक्सिजन म्हणजे विष" असे म्हणणेही अप्रामाणिकपणाचे होईल. सॅच्युरेशन चांगले असताना त्याचा उपयोग होतो असे दिसत नाही, इतकेच आज म्हणता येते.

कोयनाकाठ

शोधयात्री यांनी माझा तोल सावरला, आभार. मी त्यांच्याशी सहमत आहे. एक भर घालतो: जुना दमा किंवा धूम्रपानाने फुप्फुसे खराब झालेल्या रुग्णांत मात्र जादा ऑक्सिजनचा तोटा स्पष्ट आहे. ऑस्ट्रेलियातील टास्मानियात २०१० मध्ये रुग्णवाहिकेतील ४०५ रुग्णांवर जो अभ्यास झाला, त्यात सरसकट जोराचा ऑक्सिजन मिळालेल्यांत ९ टक्के आणि मोजून दिलेल्यांत ४ टक्के मृत्यू झाले. आपल्याकडे बिडी-तंबाखू आणि चुलीचा धूर यांमुळे हृदय आणि फुप्फुस दोन्ही बिघडलेले रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी ८८ ते ९२ हेच लक्ष्य ठेवतात आणि नातेवाईक "आकडा कमी आहे, वाढवा" म्हणून मागे लागतात.

ऑक्सिमीटरबद्दलही एक गोष्ट समजून घ्यावी. हे जपानच्या ताकुओ आओयागी यांच्या १९७० च्या दशकातील संशोधनातून आलेले अप्रतिम साधन आहे, पण ते कमतरता दाखवते, अतिरेक दाखवत नाही. रक्तातला प्राणवायूचा दाब ११० असो वा ५००, पडद्यावर ९९ किंवा १०० च दिसते. तुमच्या घरी ९८ चे १०० झालेले पाहून सगळ्यांना बरे वाटते, पण त्या दोन आकड्यांनी वडिलांच्या हृदयाला काही दिलेले नाही.

शुश्रूषा

मी परिचारिका आहे. पारिजातक ताई, तुमच्या पहिल्या पोस्टमधले एक वाक्य वाचून मी थबकले. बाबा देवघरासमोर नळी लावून बसतात असे तुम्ही लिहिले आहे. संध्याकाळी तिथे समई किंवा निरांजन लावलेले असते का?

असेल, तर आजच खुर्ची हलवा. ऑक्सिजन स्वतः पेट घेत नाही, पण तो जिथे साठतो तिथे ठिणगी पडली तर कापड, केस, मिशा क्षणात पेटतात. नळीतून येणारा वायू शालीच्या घड्यांमध्ये, उशीत, खुर्चीच्या गादीत मुरून राहतो आणि यंत्र बंद केल्यावरही काही वेळ तिथे असतो. समई, निरांजन, उदबत्ती, गॅसची शेगडी आणि बिडी-सिगारेट यांपासून किमान दोन-तीन मीटर अंतर हवे. नळीने नाक कोरडे पडते म्हणून पुष्कळ जण नाकपुडीला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावतात, तेही टाळावे. लावायचेच असेल तर पाण्यावर आधारित जेल डॉक्टरांना विचारून लावावे.

मास्क काढण्याच्या वादाबद्दलही थोडे लिहिते. आमच्या विभागात हा प्रसंग आठवड्यातून दोनदा तरी येतो. भिंतीवरच्या बाटलीत पाण्याचे बुडबुडे येत असले की नातेवाइकांना वाटते की उपचार चालू आहेत, आणि बुडबुडे थांबले की त्यांचा जीव खालीवर होतो. मी आता मास्क काढण्याआधी त्यांना बोलावते, मॉनिटरवरचा निळा आकडा दाखवते आणि सांगते की पेशंट स्वतःच्या फुप्फुसांनी पुरेसा ऑक्सिजन घेत आहे. मास्क काढून दहा मिनिटे त्यांच्यासोबतच उभी राहते. आकडा हलत नाही हे त्यांनी स्वतः पाहिले की पुढे वाद होत नाही. तुमच्या काकांना कोणी अशी दहा मिनिटे दिली नाहीत, याबद्दल मला खरोखर वाईट वाटते. रात्रपाळीला एका परिचारिकेकडे किती खाटा असतात हे पाहिले तर तिचाही दोष म्हणवत नाही.

पारिजातक

शुश्रूषा ताई, समई अगदी हाताच्या अंतरावर असते. वाचल्या वाचल्या बाबांना फोन केला. आणि नाकाला ते खोबरेल तेलच लावत होते.

आता ई जीवनसत्त्वाबद्दल कोणी सांगेल का? रसायनी ताईंनी लिहिले की क जीवनसत्त्वाने रोहिणीचा प्रवाह पूर्ववत झाला, मग गोळ्यांनी तसेच व्हायला नको का?

रसायनी

हा प्रश्न येणार हे माहीत होते. मी स्वतःही अनेक वर्षे वर्गात "म्हणून अँटिऑक्सिडंट घ्यावेत" असे सांगत असे. सुरुवातीला आशा होतीच. १९९६ मध्ये केंब्रिज परिसरातल्या सुमारे दोन हजार रुग्णांच्या चाचणीत ई जीवनसत्त्वाने झटके कमी झाल्याचे दिसले होते. पण २००० मध्ये साडेनऊ हजार रुग्णांच्या 'होप' चाचणीत रोज ४०० एकक ई जीवनसत्त्वाने काहीच फरक पडला नाही, आणि तेच रुग्ण पुढे पाहत राहिल्यावर २००५ मध्ये असे दिसले की त्या गटात हृदय अशक्त होण्याचे प्रमाण उलट थोडे वाढले होते.

मला सर्वांत पटलेला पुरावा ब्रिटनमधला, २००२ चा. २०,५३६ रुग्णांच्या एकाच चाचणीत स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) आणि ई, क व बीटा कॅरोटीन यांचे मिश्रण, अशी दोन्ही औषधे तपासली गेली. तीच माणसे, तीच पाच वर्षे. स्टॅटिनने मृत्यू आणि झटके घटले, जीवनसत्त्वांनी रक्तातली त्यांची पातळी तेवढी वाढली आणि बाकी काही झाले नाही.

कारण असे की मूलके तंतुकणिकेच्या आत, ठरावीक जागी, रोहिणी उघडल्यावरच्या मोजक्या मिनिटांत उसळतात, आणि तोंडाने घेतलेली कॅप्सूल त्या जागी त्या वेळी पुरेशी पोहोचत नाही. शिवाय थोड्या प्रमाणातली मूलके पेशीला निरोप पोहोचवण्यासाठी लागतातच, ती सगळी पुसून टाकणे इष्टही नाही. शिरेतून दिलेल्या क जीवनसत्त्वाचा प्रयोग यंत्रणा दाखवणारा होता, घरगुती उपचाराची शिफारस नव्हती. वडिलांना आवळा, लिंबू, पेरू, पालेभाज्या, शेंगदाणे जरूर द्या. कॅप्सूलचे पैसे वाचवा.

कोयनाकाठ

यंत्राबद्दल शेवटचे लिहितो. घरातल्या यंत्रातून रोज दोन तास, यात वडिलांचे फार मोठे नुकसान झाले असेल असे मला वाटत नाही, तेव्हा अपराधी वाटून घेऊ नका. मला काळजी वेगळी वाटते. पुन्हा छातीत दुखले किंवा दम लागला तर घरचे आधी नळी लावून "बघू, बरे वाटेल" म्हणत थांबतील आणि तो अर्धा तास हातचा जाईल. छाती भरून आली, घाम फुटला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, की यंत्राकडे न जाता १०८ ला फोन करावा. अँजिओप्लास्टीत स्टेंट (रोहिणी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवल्यानंतर लिहून दिलेल्या रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्यांपैकी एकही दिवसाची चुकवू नये. माझ्या मते सध्या त्यांच्या हृदयाचे खरे संरक्षण त्या दोन गोळ्यांत आहे. पुढच्या तपासणीला यंत्राचा विषय स्वतःहून काढा, आणि काकांना सोबत न्या.

पारिजातक (नऊ दिवसांनी)

काल तपासणी झाली. काकांना सोबत नेले होते. हृदयरोगतज्ज्ञांनी बाबांना खोलीत सहा मिनिटे चालवले, चालण्याआधी ९८ होते, नंतर ९७. काका वाकून तो आकडा स्वतः पाहत होते. डॉक्टरांनी ऑक्सिजनची गरज नाही असे कागदावर लिहून दिले आणि ई जीवनसत्त्वही घेऊ नये असे सांगितले. परतीच्या वाटेत काका बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले की २०२१ मध्ये त्यांच्या मोठ्या मेहुण्यासाठी ते यंत्र मिळवायला चार दिवस लागले होते आणि यंत्र घरी पोहोचले तेव्हा मेहुणे गेले होते. हे आम्हाला आजवर माहीत नव्हते.

यंत्र आता आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रातल्या ताईंना विचारून, फुप्फुसाच्या आजारामुळे डॉक्टरांनी ऑक्सिजन लिहून दिलेल्या शेजारच्या वाडीतल्या एका आजींकडे पोहोचवले आहे. ते नेऊन देताना त्यांच्या खोलीतले निरांजन काकांनी स्वतःच्या हाताने उचलून ओसरीवर नेऊन ठेवले.